हॉस्पिटलवर बॉम्ब पडला म्हणजे वॉर क्राइम झालाच का? देवळालीच्या मामांना विचारून लिहिलेलं

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा पुन्हा जुंपली. कुठल्यातरी शहरातला व्हिडिओ, अर्धी पडलेली बिल्डिंग, धूळ, पळणारी माणसं आणि खाली लिहिलेलं की हे हॉस्पिटल होतं. एका भावाचं म्हणणं, हॉस्पिटल पाडलं ना, मग वॉर क्राइम, विषय संपला. दुसरा म्हणतो काय भो, युद्ध आहे, युद्धात माणसं मरणारच, तिथे कसले नियम. एक सीए आहे, एकाचं अंबडला वर्कशॉप आहे, दोघंही डोक्याने तेज, आणि दोघंही चुकत होते. तासभर हे चाललं, मग मामांचा एकच मेसेज आला: कुणी मारलं ते नंतर बघा रे, कशावर मारत होता ते आधी विचारा.

मामा तोफखान्यातले. नोकरीचा बराच काळ तोफांचं गणित करण्यात गेला, म्हणजे अंतर किती, वारा कुठला, दारू किती भरायची वगैरे, आणि शेवटची काही वर्षं देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत काढून आता लॅम रोडला राहतात. फायरिंग असलं की त्या बाजूच्या घरांच्या काचा थरथरतात आणि मामा चहा पिता पिता सांगतात हा कुठल्या तोफेचा आवाज. त्यांच्याशी दोन रविवार बोलून आणि मधल्या दिवसांत बरंच वाचून मला जे समजलं ते लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. युद्धाचा कायदा युद्ध थांबवायला केलेला नाहीये. युद्ध कुणी सुरू केलं, न्याय कुणाच्या बाजूने, याचा तो विचारच करत नाही. तुम्ही बरोबर असा नाहीतर चूक, लढताना कसं लढायचं याचे नियम दोघांना सारखेच, आणि समोरच्याने मोडले म्हणून मला मोडायची सूट मिळत नाही. ग्रुपवरची निम्मी भांडणं इथेच संपायला हवीत, कारण आपण कायम "पण आधी त्यांनी केलं ना" वर जाऊन अडकतो.

सुरुवात झाली १८५९ ला, इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी सैनिक तसेच मैदानात पडलेले हेन्री ड्युनांट नावाच्या स्विस व्यापाऱ्याने बघितले, त्यातून रेड क्रॉस उभी राहिली आणि १८६४ चा पहिला जिनिव्हा करार झाला. पण तो जखमी सैनिकांसाठी होता. घरात बसलेल्या साध्या माणसासाठी वेगळा करार व्हायला दोन महायुद्धं जावी लागली, तो १९४९ च्या चार करारांमधला चौथा. मग १९७७ ला त्याला पुरवण्या जोडल्या आणि शहरावर हल्ला करताना काय करायचं, काय नाही हे नीट लिहिलं गेलं ते त्या पुरवण्यांमध्ये. १९४९ चे करार जगातल्या सगळ्या देशांनी मानलेत, १९७७ च्या पुरवण्या भारताने, अमेरिकेने, इस्रायलने स्वीकारलेल्या नाहीत, पण त्यातले मूळ नियम आता रूढ कायदा समजले जातात, म्हणजे सही असो नसो, लागू.

हे मूळ नियम तीनच आहेत. फरक, प्रमाण, खबरदारी.

फरक म्हणजे सैनिक आणि साधा माणूस यातला फरक, लष्करी ठिकाण आणि साधं ठिकाण यातला फरक. नाशिकचंच घ्या. ओझरला एचएएल, जिथे सुखोई विमानं तयार झाली, ते युद्धात उघड लष्करी टार्गेट. देवळालीचं आर्टिलरी स्कूल पण. मे २०२५ मध्ये देशभरच्या मॉक ड्रिलची यादी आली तेव्हा त्यात नाशिक, सिन्नर, मनमाड ही नावं बघून आपल्याकडे लोक हबकले होते, पण नकाशा बघितला तर त्यात नवल काही नव्हतं. आता नाशिकरोडची नोटांची प्रेस? देशासाठी महत्त्वाची आहे, पण महत्त्वाची असणं वेगळं आणि लष्करी असणं वेगळं. नोटा छापल्याने तोफ चालत नाही, त्यामुळे नुसती अर्थव्यवस्था खिळखिळी करायची म्हणून तिच्यावर बॉम्ब टाकता येत नाही. आणि एचएएलमधला फिटर? तो साधा नागरिकच. कारखान्यावर हल्ला झाला आणि तो आत असला तर तो धोका त्याच्या वाट्याला आला, पण संध्याकाळी तो सिडकोतल्या घरी जेवायला बसलाय आणि विमानं बनवतो म्हणून त्याच्या घरावर बॉम्ब टाकला, हे चालत नाही. नागरिकाचं संरक्षण जातं ते तो स्वतः थेट लढाईत उतरला तर, आणि उतरलाय तेवढ्या वेळापुरतं.

प्रमाण हा सगळ्यात अवघड भाग. समजा जुन्या नाशकात एका वाड्याच्या गच्चीवर मशीनगन लावलीये आणि खाली सात बिऱ्हाडं राहतायत. मशीनगन हे टार्गेट आहे यात वाद नाही. पण ती उडवण्याने जो ठोस आणि थेट लष्करी फायदा होईल असं वाटतंय, त्याच्या मानाने आजूबाजूचं अपेक्षित नुकसान फारच जास्त असेल तर मारायचं नाही. यातला "अपेक्षित" हा शब्द नीट वाचा. नंतर किती मेले यावरून निकाल लागत नाही, मारायच्या आधी कमांडरला काय माहीत होतं आणि काय माहीत करून घेता आलं असतं यावरून लागतो. म्हणजे एकही माणूस न मरता गुन्हा होऊ शकतो आणि शंभर माणसं मरूनही गुन्हा नसू शकतो. हे पचायला जड आहे, मलाही गेलं. आणि किती म्हणजे "फारच जास्त" याचा आकडा कायद्यात कुठेही नाही. एका मशीनगनला किती माणसं, ते कोणी लिहिलेलं नाही, लिहिणार पण नाही, आणि माझ्या मते सगळ्या कायद्यातली सगळ्यात मोठी फट हीच आहे कारण प्रत्येक सैन्य आपला फायदा मोठा धरतं आणि समोरच्यांचं नुकसान लहान.

खबरदारी म्हणजे टार्गेट खरंच तेच आहे का ते तपासा, त्यातल्या त्यात कमी नुकसान करणारं हत्यार निवडा, वेळ निवडा, जमेल तिथे आधी सूचना द्या, आणि मध्येच कळलं की चूक होतेय तर थांबा. मामांना हे सांगितलं तर म्हणाले यात नवीन काय, महाराजांनी चिपळूणकडे छावणी टाकलेल्या लष्कराला लिहिलेलं पत्र आठव. खरंच आहे, आपण त्या पत्रातलं रयतेला त्रास देऊ नका तेवढं सांगतो, पण त्यात असंही आहे की रात्री दिवे तसेच ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज जळेल. आपल्या हातून चुकून काय होऊ शकतं याचा उंदरापर्यंत विचार.

बचाव करणाऱ्यावरही जबाबदारी असते बरं का. वस्तीत तोफा, दारूगोळा ठेवू नका, शक्य तेवढं सामान आणि सैनिक लोकांपासून लांब ठेवा. मुद्दाम लोकांच्या आड लपणं हा तर सरळ गुन्हा. पण ज्यांच्या आड कोणी लपलंय ते लोक साधे लोकच राहतात, त्यांना वाचवायची हल्ला करणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. पत्रकं टाकली, फोन केले, चोवीस तासात निघा म्हणून सांगितलं, तरी जे राहिले ते काही सैनिक होत नाहीत. डायलिसिसवरचा माणूस कुठे जाणार, आणि आमच्या आजीला पंचवटीतलं घर सोड म्हटलं असतं तर ती आधी तुळशीला पाणी घालून मग भांडायला बसली असती.

आता हॉस्पिटल, जिथून भांडण सुरू झालं. हॉस्पिटलला जास्तीचं संरक्षण आहे. ते जातं एकाच कारणाने, तिथून शत्रूला अपाय होईल असं काही चालू असेल तर, म्हणजे आत कमांड सेंटर, गच्चीवरून गोळीबार असं काही. जखमी सैनिक भरती आहेत एवढं कारण पुरत नाही, त्यांच्याकडून काढून घेतलेल्या बंदुका आत पडल्यात हे पण पुरत नाही. आणि संरक्षण गेलं असं वाटलं तरी आधी इशारा द्यायचा, वाजवी वेळ द्यायचा, तो वाया गेला तरच पुढे. शिवाय प्रमाणाचा हिशोब आहेच. म्हणजे सीए भावाचं "विषय संपला" पण चूक आणि वर्कशॉपवाल्याचं "नियम कसले" पण चूक.

अफगाणिस्तानातल्या कुंदुझचं उदाहरण बघा. ३ ऑक्टोबर २०१५ च्या पहाटे अमेरिकेच्या एसी-१३० विमानाने डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या हॉस्पिटलवर मारा केला, ४२ माणसं गेली. हॉस्पिटलने आपले जीपीएस आकडे आधीच देऊन ठेवले होते. चौकशीत निघालं की खरं टार्गेट साधारण चारशे मीटरवरची दुसरी इमारत होती, तालिबानने घेतलेली, आणि विमानातल्या लोकांनी वर्णनावरून चुकीची इमारत ओळखली. १६ जणांवर खात्यांतर्गत कारवाई झाली, कोर्टात कोणीच उभं राहिलं नाही, कारण त्यांच्याच सैन्याच्या म्हणण्यानुसार हे मुद्दाम केलेलं नव्हतं म्हणून वॉर क्राइम नाही. हॉस्पिटलवाल्यांनी स्वतंत्र चौकशी मागितली, ती काही झाली नाही.

बरं, हे सगळं शहरात इतकं का बिघडतं? कारण हत्यारं मैदानासाठी बनलीत. नोव्हेंबर २०१८ मध्ये देवळालीतच के-९ वज्र आणि एम-७७७ तोफा सैन्यात दाखल झाल्या, दोन्ही १५५ मिलिमीटरच्या, आणि असा एक गोळा साधारण ४५ किलोचा. माळरानावर तो पडला तर खड्डा, गल्लीत पडला तर भिंती, काचा, पत्रे, सगळंच उडणारं हत्यार होतं. दाट वस्तीत स्फोटकं वापरली की मेलेल्या-जखमींमध्ये साधारण दहातले नऊ साधे नागरिक असतात, हे ॲक्शन ऑन आर्म्ड व्हायोलन्स नावाची ब्रिटिश संस्था वर्षानुवर्षं मोजत आलीये. अचूक बॉम्बनेही सुटत नाही. इराकमधल्या मोसुलला मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने एका घरावरच्या दोन स्नायपरसाठी ५०० पौंडी बॉम्ब टाकला, बॉम्ब बरोबर जागी पडला, पण सैन्याच्याच चौकशीप्रमाणे आत आयसिसने साठवलेली स्फोटकं पेटली, अख्खं घर कोसळलं आणि आसरा घेतलेले १०५ नागरिक गेले. आत लोक आहेत हे माहीतच नव्हतं, असं अहवाल म्हणतो.

आणि स्फोटात मेलेले हे फक्त पहिले. एकलहऱ्यासारखं एखादं वीज केंद्र पडलं तर काय होईल बघा, पंप बंद, नळ बंद, ड्रेनेज तुंबलं, हॉस्पिटलचा जनरेटर डिझेल संपेपर्यंत, आणि महिन्याभराने जे जुलाबाने दगावतील त्यांची मोजणी कुठल्याच लढाईच्या खात्यात होत नाही. वीज सैन्यालाही लागते म्हणून वीज केंद्र हे लोकांचंही आणि लष्कराच्याही कामाचं ठिकाण, तिथेच वाद होतात. युक्रेनमधल्या वीज यंत्रणेवरच्या हल्ल्यांसाठी २०२४ मध्ये रशियाच्या वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांवर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने वॉरंट काढली, त्यात हाच मुद्दा, की समजा टार्गेट धरलं तरी लोकांचं नुकसान फायद्याच्या मानाने उघडउघड जास्त होतं.

मग जाब कोण विचारतो. पहिली जबाबदारी ज्याची त्याच्या सैन्याची. स्वतःच्या पोराला स्वतःच शिक्षा करायची, ती किती होणार ते आपल्याला माहितीये. व्हिएतनाममधल्या माय लाय गावात १९६८ ला अमेरिकी सैनिकांनी शेकडो लोक मारले, शिक्षा झाली एका लेफ्टनंटला, जन्मठेप, आणि तीही काही वर्षांच्या नजरकैदेत आटोपली. काबूलला २९ ऑगस्ट २०२१ ला अमेरिकेच्या ड्रोनने एक गाडी उडवली, आधी सांगितलं अतिरेकी होता, मग पत्रकारांनी खणून काढलं की तो एका मदत संस्थेचा माणूस होता आणि गाडीत पाण्याचे कॅन होते. दहा जण गेले, सात मुलं. माफी मागितली, शिक्षा कुणालाच नाही.

नेदरलँड्समधल्या हेगला दोन वेगळी कोर्टं आहेत आणि बातम्यांत त्यांची कायम खिचडी होते. एक देश विरुद्ध देश, म्हणजे दक्षिण आफ्रिकेने इस्रायलवर गाझाबद्दल केलेली केस तिथली. दुसरं ते फौजदारी न्यायालय, ते माणसांवर खटले चालवतं. त्याचा करार १९९८ चा, काम सुरू २००२ ला. मार्च २०२३ मध्ये पुतीन यांच्यावर युक्रेनमधली मुलं पळवून नेल्याबद्दल वॉरंट, नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू आणि माजी संरक्षणमंत्री गॅलंट यांच्यावर, आणि त्याच दिवशी हमासचा लष्करी प्रमुख दैफ याच्यावर. पण या कोर्टाकडे स्वतःचा एक हवालदार नाही. सदस्य देशाने पकडून द्यायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये पुतीन मंगोलियाला गेले, मंगोलिया सदस्य आहे, तरी पाहुणचार घेऊन परत आले. दुसरीकडे फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते मार्च २०२५ मध्ये विमानतळावर पकडले गेले आणि थेट हेगला, अर्थात ती केस युद्धाची नव्हती, ड्रग्जवाल्यांच्या नावाने झालेल्या हत्यांची होती. वॉरंट म्हणजे जप्तीची नोटीस समजा, लगेच काही होत नाही पण माणूस ज्या घरी जाईल त्या घरमालकाला घाम फुटतो.

भारत या कोर्टाचा सदस्य नाही, १९९८ च्या मतदानात आपण तटस्थ राहिलो. आपल्याकडे १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे आणि सैनिकांसाठी आर्मी ॲक्ट, कोर्ट मार्शल. अमेरिका, रशिया, चीन पण बाहेरच.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, ज्यावर मामांशी दुसरा अख्खा रविवार गेला. कोर्टात तोफेचा गोळा सिद्ध कसा करतात?

दोन केसेस, दोन्ही युगोस्लाव्हिया फुटताना झालेल्या युद्धांसाठी नेमलेल्या खास न्यायालयातल्या. पहिली बोस्नियाची राजधानी सारायेव्होची. शहराला जवळपास चार वर्षं वेढा होता, डोंगरावर तोफा आणि स्नायपर, खाली लोक पाणी भरायला रांगेत. वेढा घालणाऱ्या सर्ब सैन्याचा जनरल गालिच याच्यावर खटला चालला आणि त्यात एकेका गोळ्यापेक्षा पॅटर्न महत्त्वाचा ठरला, की जवळपास दोन वर्षं बाजार, ट्राम, पाण्याच्या रांगा, अंत्ययात्रा यांवर परत परत पडतंय, हा नेम चुकलेला नाही, हा लोकांना दहशतीत ठेवायचा बेत आहे. २००३ ला वीस वर्षं, २००६ ला अपिलात वाढून जन्मठेप. अपिलाला जाऊन शिक्षा वाढली, आपल्याकडे हे ऐकून वकील हसतील.

दुसरी क्निन शहराची. ऑगस्ट १९९५ मध्ये क्रोएशियाच्या सैन्याने आपल्याच देशातल्या पण बंडखोर सर्बांच्या ताब्यातल्या क्निनवर शेकडो गोळे टाकले, शहरात खरोखर लष्करी ठिकाणं होती. जनरल गोटोविना आरोपी. खालच्या कोर्टाने काय केलं, गोळा कुठे पडला आणि सगळ्यात जवळचं लष्करी ठिकाण कुठे, यातलं अंतर मोजलं, आणि ठरवलं की २०० मीटरच्या आत असेल तर नेमाची चूक समजू, बाहेर असेल तर गावावरच मारलंय. २०११ ला चोवीस वर्षांची शिक्षा. त्यात एक मुद्दा असा की सर्ब नेता मार्तिच याच्या राहत्या फ्लॅटवर १३० मिलिमीटरच्या तोफेने पंचवीस एक किलोमीटरवरून बारा गोळे टाकले, रहिवासी भागात, हे प्रमाणाबाहेर आहे. २०१२ ला अपिलात पाचही न्यायाधीश म्हणाले की हा २०० मीटरचा आकडा कुठून आला याचा काही आधारच नाही, आणि मग तीन विरुद्ध दोन मतांनी जनरल निर्दोष सुटला.

मामा हे ऐकून उठून बसले. एकशेतीस? ती तर आपल्याकडेही होती, मी स्वतः गणित केलंय तिचं. पंचवीस किलोमीटर म्हणजे तिची जवळजवळ शेवटची रेंज, त्या अंतरावर फ्लॅट मारायचा म्हणतोय तो? वारा बदलला, दारू सकाळी थंड होती दुपारी तापली, बॅरल झिजलीये, प्रत्येकाने गोळा सरकतो. दोनशे मीटर चूकही असेल आणि नसेलही, कुठल्या तोफेने, किती लांबून, बघून मारलं की न बघता, हे विचारल्याशिवाय आकडा सांगणारा माणूस तोफेजवळ कधी गेलेला नाही. मी म्हटलं म्हणजे जनरल बरोबर सुटला? तर म्हणाले असं कुठे म्हटलं मी. एवढ्या लांबून फ्लॅटवर मारता येत नाही हे त्याला माहीत होतं ना, मग मारलं कशाला?

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि कायदा शिकलेली माणसं यावर अजून भांडतात. आमच्याकडे प्रत्येक राउंडची नोंद असायची, मामा सांगत होते, किती वाजता, कुठल्या ग्रिडवर, कुणी मागितला. ती वही मिळाली तर अर्धी केस तिथेच.

मग मी मोबाइलवर नाशिकचा नकाशा उघडला आणि रविवार कारंजावर बोट ठेवून दोनशे मीटरचं वर्तुळ काढलं. चांदीचा गणपती, दुकानं, वरच्या मजल्यांवरची घरं, क्लास, दवाखाने, सगळं आत. मामांना दाखवलं. म्हटलं समजा इथे मध्यभागी शत्रूचं एक रेडिओ स्टेशन आहे आणि तोफ तुमच्या हातात आहे, माराल का?

त्यांनी चष्मा लावला, नकाशा मोठा करून बराच वेळ बघितला आणि विचारलं, वार कुठला? संकष्टी तर नाही ना?